नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष



ज्या बाकांवर बसून मी या शाळेचे वार्षिक अंक वाचले, त्याच बाकांवर आज तुम्ही बसला आहात. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी यंदा निरोप धाडला, "तू परिचारिका झालीस. त्या व्यवसायाविषयी मुलांना उपयोगी पडेल असे काही लिही. मात्र सेवाधर्माची नुसती स्तुती नको. खरे काय ते लिही." बाईंची आज्ञा मोडण्याची सवय आम्हांला त्या काळीही नव्हती. म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

परिचारिकेचे शिक्षण कसे मिळते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पदवी हाती आल्यानंतर, अंगावर पांढरा वा निळा गणवेश चढल्यानंतर आणि "सिस्टर" अशी पहिली हाक ऐकल्यानंतर जे पहिले वर्ष सुरू होते, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या वर्षाच्या अडचणी कोणत्या, त्या का उत्पन्न होतात आणि त्यांतून वाट कशी काढावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

थोडा पूर्वेतिहास

आजाऱ्याची शुश्रूषा मनुष्य अनादिकालापासून करीत आला आहे. परंतु ती शिकून, नियमाने आणि नोंदी ठेवून करण्याचे शास्त्र अलीकडचे आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाली. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावतात, हे तिने आकड्यांनी व आकृत्यांनी सिद्ध करून दाखविले. हाती दिवा घेतलेली तिची मूर्ती सर्वांना ठाऊक असते. परंतु तिच्या दुसऱ्या हाती नोंदवही होती हे आपण विसरतो. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. १२ मे हा तिचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आपल्याकडे या कार्यास प्रारंभी प्रतिष्ठा नव्हती. परक्या पुरुषाची सेवाशुश्रूषा करणे कुलीन स्त्रीस शोभत नाही, असा समज दृढ होता. अशा काळात, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करता करता देह ठेविला. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम रमाबाई रानडे यांनी हाती घेतले आणि ससून रुग्णालयात स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली. आज आपल्या मुली निःशंकपणे या शिक्षणास जातात, त्यामागे या स्त्रियांचे धैर्य आहे.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला. त्या वेळी या विशाल देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास बी. एस्‌सी. नर्सिंगचा ४ वर्षांचा अभ्यासक्रम खुला असतो. जी. एन. एम. हा पदविका अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. हे शिक्षण मुलींप्रमाणे मुलांसही खुले आहे, हे येथे मुद्दाम सांगते.

वर्ग आणि वॉर्ड

नव्या परिचारिकेची पहिली अडचण अशी की, वर्गात शिकलेले खोटे नसते, तरी ते अपुरे पडते. विद्यार्थिदशेत आम्हांला एक किंवा दोन रोगी सोपविलेले असत. त्यांच्या आजाराचा अभ्यास करावा, सर्व नोंदी सुवाच्य अक्षरात लिहाव्यात, चुकल्यास बाजूला उभ्या असलेल्या शिक्षिकेने सांगावे, असा क्रम होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तोच वॉर्ड ३० खाटांचा झाला. एकाची सलाईन संपत आली आहे, दुसऱ्यास शस्त्रक्रियेसाठी न्यावयाचे आहे, तिसऱ्याचे नातेवाईक घरी जाण्याचे कागद मागत आहेत, चौथ्यास पाणी हवे आहे, आणि टेलिफोन वाजतो आहे. पुस्तकात प्रत्येक प्रकरण वेगळे असते. वॉर्डात सर्व प्रकरणे एकाच वेळी उघडतात.

या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील मार्लिन क्रेमर या विदुषीने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नव्या परिचारिकांना बसणाऱ्या वास्तवाच्या धक्क्याचे वर्णन केले. प्रारंभी सर्व काही गोड वाटते. आपल्याकडे म्हणतात त्याप्रमाणे नव्याचे नऊ दिवस असतात. मग शिकलेले आदर्श आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर दिसू लागते. मन खचते, राग येतो, नोकरी सोडून द्यावीशी वाटते. त्यातून सावरल्यानंतरच खरी परिचारिका घडू लागते.

१९८४ साली पॅट्रिशिया बेनर यांनी आणखी एक उपयुक्त विचार मांडला. बुद्धिबळपटू आणि वैमानिक कौशल्य कसे मिळवितात याचा अभ्यास ड्रायफस बंधूंनी केला होता. तोच विचार बेनर यांनी परिचर्येस लावून पाच पायऱ्या दाखविल्या: नवशिकी, थोडा अनुभव घेतलेली, समर्थ, प्रवीण आणि तज्ज्ञ. यांपैकी 'समर्थ' या तिसऱ्या पायरीवर पोहोचण्यास एकाच प्रकारच्या कामात साधारणतः दोन ते तीन वर्षे लागतात. ही गोष्ट मला पहिल्या महिन्यात कोणी सांगितली असती, तर कितीतरी रात्री उशी भिजली नसती. आपण मूर्ख आहोत म्हणून गोंधळतो असे मला वाटे. वस्तुतः मी केवळ पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उभी होते.

मग अनेक कामे एकदम आली असता प्रथम कोणते करावे? त्यास एक साधा क्रम आहे. श्वासमार्ग मोकळा आहे काय, श्वास नीट चालला आहे काय, रक्ताभिसरण ठीक आहे काय, हे तीन प्रश्न प्रथम. जो रोगी मोठ्याने ओरडतो तो सर्वांत अत्यवस्थ असतोच असे नाही. जो अगदी गप्प पडून आहे त्याच्याकडे आधी पाहावे. कागद पाच मिनिटे थांबू शकतो. श्वास थांबू शकत नाही.

गणित येथेही सुटत नाही

"गणित नको म्हणून नर्सिंगला जाते," असे म्हणणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. रोग्यास ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाची आहे. नळीच्या ज्या संचातून ती द्यावयाची, त्यात २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब पडावेत?

एकूण थेंब ५०० × २० = १०,०००. एकूण मिनिटे ४ × ६० = २४०. १०,००० भागिले २४० म्हणजे ४१.६७, अर्थात सुमारे ४२ थेंब. हे गणित परीक्षेत चुकले तर एक गुण जातो. वॉर्डात चुकले आणि हृदयरोग्याच्या अंगात पाणी वेगाने गेले, तर त्याची फुप्फुसे पाण्याने भरू शकतात.

दुसरे उदाहरण इन्शुलिनचे. आपल्याकडे इन्शुलिनच्या ज्या कुप्या मिळतात, त्यांतील काहींत १ मिलिलिटरमध्ये ४० एकके असतात, तर काहींत १००. त्यांच्या पिचकाऱ्याही निराळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता समजा, २० एकके द्यावयाची आहेत. कुपी १०० ची आहे आणि घाईत हाती आलेली पिचकारी ४० ची. त्या पिचकारीवरील २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. १०० च्या कुपीतील अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० एकके असतात. म्हणजे रोग्यास अडीचपट औषध गेले! रक्तातील साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. येथे आकडा बरोबर होता, खूणही बरोबर होती. केवळ टोपणाचा रंग पाहिला नव्हता.

म्हणून औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी पडताळण्याची शिस्त आम्हांला शिकविली जाते: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पाचांतील पहिली सर्वांत सोपी वाटते आणि तिथेच नवखी परिचारिका फसते. "तुमचे नाव अमुक ना?" असे विचारल्यास अर्धवट झोपेतला रोगी कशालाही "हो" म्हणतो. म्हणून "तुमचे पूर्ण नाव सांगा" असे विचारावे आणि मनगटावरील पट्टीशी व कागदाशी ते ताडून पाहावे. हिशेबाची शंका असेल तर दुसऱ्या सिस्टरकडून तो पुन्हा करून घ्यावा. यात कमीपणा नाही.

एका रात्रीची गोष्ट

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहिते. ही गोष्ट लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु बाईंनी खरे लिहावयास सांगितले आहे.

नोकरीचा दुसरा महिना होता. रात्रपाळी होती. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेले एक साठीचे गृहस्थ खिडकीजवळच्या खाटेवर होते. आम्ही त्यांना 'अज्जा' म्हणत असू. ते दूरच्या कानडी मुलखातले होते. मी शाळेत कानडी शिकले होते, परंतु ते परीक्षेपुरते. रात्री एकच्या सुमारास ते मला हलक्या आवाजात "उसिरु, उसिरु" असे काही म्हणाले. पुस्तकातला 'श्वास' मला ठाऊक होता. घराघरांतला 'उसिरु' ठाऊक नव्हता. त्यांना उशी हवी असेल असे वाटून मी उशी सारखी केली आणि पुढे गेले.

दोन वाजता सर्वांच्या नोंदी घ्यावयाच्या होत्या. अज्जांचा ताप १०१ अंश होता, नाडी मिनिटाला ११२. पुढला रकाना श्वासाचा. श्वास मोजण्यास पूर्ण एक मिनिट लागते. तिकडे दोन खाटांपलीकडे सलाईन संपल्याची हाक आली. मी रकान्यात '१८' हा आकडा लिहिला. मोजला नव्हता, लिहिला. निरोगी प्रौढ मनुष्याचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतो, म्हणून '१८' हा आकडा दिसावयास चांगला होता.

नाडी वाढलेली आहे, ताप आहे, हे मला दिसत होते. डॉक्टरांना फोन करावा असे एकदा मनात आले. परंतु रात्री दोन वाजता झोपमोड केल्याबद्दल ते काय म्हणतील, "एवढ्यासाठी उठवलंत?" असे म्हणाले तर काय उत्तर द्यावे, या भीतीने मी ठरविले की अर्ध्या तासाने पुन्हा पाहू.

तो अर्धा तास पुरा झाला नाही. आमच्या वरिष्ठ सिस्टर फेरीवर आल्या. अज्जांच्या खाटेशी थांबल्या. तक्ता पाहिला, मग अज्जांकडे पाहिले आणि हातातले घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मिनिट संपल्यावर त्या म्हणाल्या, "बत्तीस."

मला पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटले. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८९ टक्के दिसले. ते निदान ९५ असावयास हवे. सिस्टरांनी प्राणवायू सुरू केला, खाटेचे डोके उंच केले आणि मला म्हणाल्या, "आता फोन तू कर. मी शेजारी आहे." डॉक्टर दहा मिनिटांत आले. रागावले नाहीत. अज्जांना न्युमोनिया झाला होता. त्यांना अतिदक्षता विभागात हलविले. नवव्या दिवशी ते आपल्या पायांनी घरी गेले. जाताना त्यांच्या पत्नीने माझ्या हाती दोन केळी ठेवली. त्या केळ्यांकडे माझ्याने पाहवेना.

त्या रात्री सिस्टरांनी मला सर्वांदेखत बोल लावला नाही. पहाटे काम हलके झाल्यावर त्यांनी मला बसविले आणि विचारले, "अठरा कुठून आणलेस?" मी खरे सांगितले. त्यांनी तक्त्यावरील '१८' वर एकच सरळ रेघ मारावयास लावली, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी वेळ, "न मोजता लिहिले" असा शेरा आणि माझी सही घेतली. खोडरबर, पांढरी शाई किंवा नवा कागद यांस रुग्णालयात स्थान नाही. घडलेला प्रकार मी लेखी कळविला.

त्या रात्रीपासून मी तीन गोष्टी शिकले. पहिली ही की, रोगी खालावू लागला म्हणजे श्वासाची गती पुष्कळदा सर्वांत आधी बदलते, आणि नेमकी तीच मोजण्याचा आपण आळस करतो. दुसरी अशी की, न मोजलेला आकडा रिकाम्या रकान्याहून वाईट असतो. कारण रिकामा रकाना पुढच्या माणसास सावध करतो, खोटा आकडा त्याला निश्चिंत करतो. तिसरी गोष्ट फोनविषयीची आहे. ती पुढे सांगते.

कसे बोलावे

वरिष्ठांना काय आणि कसे सांगावे, ही नव्या परिचारिकेची मोठी अडचण असते. भीतीने वाक्ये उलटसुलट होतात आणि मुख्य गोष्ट शेवटी राहते. यासाठी आज जगभर चार पायऱ्यांची एक रीत वापरतात. ती अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवरील संदेशांसाठी रूढ झाली होती. तेथून ती रुग्णालयांत आली. प्रथम आताची परिस्थिती, मग पूर्वेतिहास, मग आपले निरीक्षण व अंदाज, आणि शेवटी आपली मागणी.

त्या रात्री सिस्टर शेजारी उभ्या असताना मी जे बोलले ते असे: "डॉक्टर, खिडकीजवळच्या खाटेवरील रोग्याचा श्वास मिनिटाला ३२ आहे, प्राणवायू ८९ टक्के आहे. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले. काल रात्री ताप नव्हता. आज ताप १०१, नाडी ११२. छातीत काही बिघाड असावा असे वाटते. प्राणवायू सुरू केला आहे. आपण आत्ता येऊन पाहावे." एवढे बोलण्यास अर्धे मिनिट पुरले. चार वाक्ये हाती असली म्हणजे भीतीला बसावयास जागा उरत नाही.

भाषेची अडचण आपल्या मुलामुलींना आणखी एका बाजूने येते. आपण मराठी माध्यमात शिकतो. परिचर्येची पुस्तके इंग्रजीत असतात. आणि रोगी कानडी, कोकणी, उर्दू, हिंदी यांपैकी कोणतीही भाषा बोलतो. पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांनी मीही गांगरले. परंतु मूळ कल्पना मराठीत पक्की असली की परका शब्द लवकर बसतो, असा माझा अनुभव आहे. अज्जांच्या प्रसंगानंतर मी एक लहानशी वही केली. तीत दुखते, चक्कर येते, मळमळते, दम लागतो, लघवीला होत नाही, भीती वाटते अशा तीसएक गोष्टी चार भाषांत लिहून घेतल्या. शब्द सांगणारे आमचे वॉर्डबॉय, मावशी आणि स्वतः रोगीच होते. ती वही आजही माझ्या खिशात असते. त्यातील पहिला शब्द 'उसिरु' आहे.

शरीर आणि मन

दुसऱ्याच्या आरोग्याची राखण करणारीस स्वतःचे आरोग्य सांभाळणे भाग असते. निसर्गाने शरीराला दिवसरात्रीचे घड्याळ दिलेले आहे; रात्रपाळीत आपण त्याच्या विरुद्ध चालतो. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान लक्ष सर्वांत मंदावते. नेमक्या त्या वेळी औषधाचा हिशेब करावयाचा असेल तर तो दोनदा करावा. सकाळी घरी आल्यावर "जरा बाजारात जाऊन ये" असे सांगितले जाते. रात्रपाळीची झोप ही चैन नव्हे, हे घरच्यांनी समजून घ्यावे, अशी या अंकाच्या वाचक पालकांना माझी नम्र विनंती आहे.

वापरलेली सुई टोचणे हा दुसरा धोका. लस न घेतलेल्या व्यक्तीस अशा सुईतून ब प्रकारची कावीळ होण्याचा संभव १०० मध्ये ३० पर्यंत असू शकतो. म्हणून त्या लसीच्या तीन मात्रा, पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी, कामास लागण्यापूर्वीच पुऱ्या कराव्यात. एच. आय. व्ही.चा संभव पुष्कळ कमी, हजारात सुमारे ३ असतो. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. सुई टोचलीच तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे. एच. आय. व्ही.वरील प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आतच, सुरू करावे लागते. लाजेने गप्प बसणारी परिचारिका स्वतःचे अमोल तास गमावते.

मनाविषयीही सांगितले पाहिजे. पहिला मृत्यू पाहिल्यावर मला दोन दिवस जेवण गेले नाही. असे होणे हा दुबळेपणा नव्हे. ज्येष्ठ सहकारिणीशी, मैत्रिणीशी, आईशी बोलावे. मनात कोंडून ठेवलेले दुःख पुढे कामावर राग होऊन बाहेर पडते, आणि तो राग बहुधा रोग्यांवर निघतो.

वेतन आणि मान

कष्टांच्या मानाने वेतन मिळत नाही, हे खासगी रुग्णालयांतील अनेक नव्या परिचारिकांचे दुःख आहे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ साली न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली की, २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारच्या परिचारिकांइतके वेतन द्यावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे. आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी दरमहा २०,००० रुपयांहून कमी देऊ नये. अंमलबजावणी राज्यांकडे असल्याने ती सर्वत्र सारखी झालेली नाही. म्हणून नोकरी स्वीकारताना वेतन, कामाचे तास, सुट्टी आणि शिकविण्याची व्यवस्था लेखी मागून घ्यावी. अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही असे लिहून घेणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, असे प्रकार घडलेले आहेत. आपली मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. दाखवावीत आणि परत घ्यावीत.

आणि मान? तो गणवेशाबरोबर मिळत नाही. मुलगी नर्सिंगला जाते असे सांगताना आवाज खाली आणणारे पालक आजही आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांचा आवाज, घरचे माणूस रुग्णालयात असताना, "सिस्टर, जरा बघता का हो?" असे म्हणताना मात्र फार मऊ होतो. तो मऊपणा त्यांनी घरीही आणावा.

उपसंहार

सारांश, पहिले वर्ष कठीण असते, याचे कारण नवी परिचारिका नालायक असते हे नसून, ज्ञानाचे कौशल्यात रूपांतर होण्यास काळ लागतो हे आहे. तो काळ सुसह्य करणारी तीन साधने आहेत: प्रश्न विचारण्याची तयारी, खऱ्या नोंदीची सवय, आणि शेजारी उभी राहणारी एक ज्येष्ठ सिस्टर. पहिली दोन ज्याची त्याने मिळवावयाची. तिसरे रुग्णालयाने द्यावयाचे असते. आज माझ्या हाताखाली दरवर्षी दोन-तीन नव्या मुली येतात. पहिल्या रात्री मी त्यांना घड्याळ देते आणि एखाद्या रोग्याजवळ पूर्ण एक मिनिट उभी राहावयास सांगते. त्या मिनिटात दुसरे काहीही करावयाचे नाही, फक्त मोजावयाचे.

तुमच्यापैकी कोणी या वाटेने येणार असेल, तर अवश्य या. वाटेत उभे राहून हात देणाऱ्या आम्ही पुष्कळजणी आहोत.

स्वाध्याय

१. १,००० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यावयाची आहे. संचात १५ थेंबांचा १ मिलिलिटर होतो. मिनिटाला किती थेंब पडावेत? (उत्तर: सुमारे ३१)

२. लहान मुलांच्या संचात ६० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. १०० मिलिलिटर २ तासांत देण्यास मिनिटाला किती थेंब लागतील? तासाला जाणारे मिलिलिटर आणि मिनिटाला पडणारे थेंब यांचे आकडे येथे सारखे का येतात, याचे कारण लिहा. (उत्तर: ५० थेंब)

३. इन्शुलिनची कुपी ४० ची आणि पिचकारी १०० ची असता, २० च्या खुणेपर्यंत औषध ओढल्यास प्रत्यक्ष किती एकके जातील? (उत्तर: ८)

४. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा श्वास, ती स्वस्थ बसलेली असताना, पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा अंदाजाने लिहू नका.